तिन्हीसांजेला जुन्या जहाजांचे फोटो: तुम्ही सारखे विचारता ते प्रश्न (हार्टलपूल, पोर्ट्समथ आणि थोडी मुंबई)

त्रिंकोमाली ह्या जुन्या जहाजाचे फोटो ग्रुपवर टाकल्यापासून तेच तेच प्रश्न येतायत. प्रत्येकाला वेगळं टाइप करून माझा अंगठा दुखायला लागलाय म्हणून सगळं एकदाच इथे लिहून ठेवते. प्रश्न बहुतेक तुमच्याच शब्दांत आहेत, थोडी काटछाट केलीय. एकाचं उत्तर दुसऱ्यात असेल तिथे नंबर दिलाय, तो बघा.

१. ताई, हे जहाज नक्की कोणतं? आणि "आपल्या मुंबईचं" म्हणता ते असंच प्रेमाने की खरंच?

खरंच. एचएमएस त्रिंकोमाली. मुंबईच्या गोदीत बांधलं आणि १२ ऑक्टोबर १८१७ ला पाण्यात उतरवलं. बांधणारे जमशेटजी बोमनजी वाडिया, म्हणजे त्या वाडिया घराण्यातले ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत जहाजं बांधली. लाकूड मलबारचं सागवान, कारण नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडचा ओक संपत आला होता, आणि सागवान तसंही समुद्राच्या पाण्यात जास्त टिकतं. गंमत म्हणजे जहाजाच्या बांधणीचे नकाशे आधी पाठवले होते जावा नावाच्या जहाजातून, ते १८१२ मध्ये अमेरिकनांशी झालेल्या लढाईत गेलं, नकाशेही गेले, मग दुसरे नकाशे पाठवावे लागले. आज हे जहाज इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर हार्टलपूलला आहे, रॉयल नेव्हीच्या नॅशनल म्युझियममध्ये, आणि पाण्यावर तरंगणारं सगळ्यात जुनं ब्रिटिश लढाऊ जहाज तेच. पोर्ट्समथचं व्हिक्टरी हे जहाज त्याहून जुनं आहे पण ते कोरड्या गोदीत उभंय (प्रश्न १२).

आम्ही मिडल्सबरोला राहतो, हार्टलपूल गाडीने अर्ध्या तासाच्या आत. पहिल्यांदा गेले तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं, नवऱ्याला म्हटलं कुठलं तरी जुनं जहाज आहे, चल मुलांना दाखवू. आत पाटीवर "बॉम्बे" वाचलं आणि मग त्या लाकडाला हात लावून बघितला. तेव्हापासून दरवर्षी दोन-तीन चकरा असतातच.

२. सूर्यास्ताला पोचलो की झालं ना?

नाही. म्हणजे पोचा, पण खरा फोटो त्यानंतरचा आहे. बहुतेक लोक सूर्य बुडाला की ट्रायपॉड गुंडाळतात आणि चिप्स खायला जातात, आणि पुढच्या पंधरा-वीस मिनिटांत आकाश गडद निळं होतं, धक्क्यावरचे दिवे लागलेले असतात आणि दोन्हींचा उजेड सारखा पडतो. त्या आधी दिवे फिके दिसतात, त्यानंतर आकाश काळं होतं आणि डोलकाठ्यांचे दोर त्यात विरघळतात. आपल्याकडे दिवेलागण म्हणायचे ना, बरोब्बर ती वेळ.

आणि एक गोष्ट भारतातून नवीन आलेल्यांच्या लक्षात येत नाही. मुंबईत सूर्य जवळजवळ सरळ खाली जातो, बुडाल्यावर बावीस-तेवीस मिनिटांत अंधार. इथे तो तिरका घसरत जातो त्यामुळे तोच संधिप्रकाश मार्च-सप्टेंबरात पस्तीसेक मिनिटं आणि जूनमध्ये पाऊण तासाच्या वर चालतो. म्हणजे घाई नाही. माझा हिशेब साधा, सूर्यास्ताच्या अर्धा तास आधी जागा पकडायची आणि सूर्यास्तानंतर निदान चाळीस मिनिटं हलायचं नाही, कितीही थंडी वाजली तरी.

३. वर्षातून कधी यावं? आम्ही लंडनहून येणार, दोन दिवसच आहेत.

ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी. जूनमध्ये इथे सूर्यास्त पावणेदहाला, पोरं झोपायला मागतात आणि म्युझियम कधीच बंद झालेलं असतं. डिसेंबरात सूर्यास्त पावणेचारच्याही आधी, म्हणजे दुपारचं जेवण झालं की निघायचं. शिवाय सूर्याची जागा बदलते, जूनमध्ये तो वायव्येला बुडतो आणि डिसेंबरात पार नैऋत्येला, त्यामुळे उन्हाळ्यातली तुमची आवडती जागा थंडीत उपयोगाची राहत नाही. सूर्याची दिशा दाखवणारी ॲप्स फुकट मिळतात, निघायच्या आधी बघा.

थंडीत यायचं तर हातमोजे बोटं उघडी ठेवता येतील असे घ्या आणि जास्तीची बॅटरी खिशात अंगाशी ठेवा, बॅगेत नको. गार पडली की बॅटरी अर्धी असून संपल्यासारखी वागते.

४. म्युझियमचं तिकीट काढावंच लागतं का? बाहेरून नाही होत?

दोन वेगवेगळे फोटो आहेत हे, म्हणून उत्तरंही दोन.

आतून: जहाजाच्या भोवती जुन्या काळातल्या बंदराचा धक्का उभा केलाय, दगडी फरशी, दुकानं वगैरे. तिथून जहाज हाताच्या अंतरावर दिसतं. पण थंडीत म्युझियम साधारण चारला बंद होतं, आणि डिसेंबरात चारला नुकता सूर्य बुडालेला असतो, निळी वेळ अजून दहा मिनिटं लांब. म्हणजे अगदी तोंडाशी आलेला घास. वेळा बदलत असतात, बघून निघा, आणि संध्याकाळचा एखादा खास कार्यक्रम असेल तर त्याचं तिकीट सोडू नका.

बाहेरून: मरिनाच्या बाजूने पाण्यापलीकडून डोलकाठ्या दिसतात, फुकट, कितीही वाजता. इथे लांब लेन्स लागते, ७० ते २०० मिमी. समोर आजच्या यॉटच्या ॲल्युमिनियमच्या काठ्या आणि मागे सागवानी जहाजाच्या तीन डोलकाठ्या असा फोटो मला स्वतःला आतल्या फोटोपेक्षा जास्त आवडतो, पण "यात आधुनिक बोटी का घेतल्या" असं विचारणारे पण आहेत. तुमचं तुम्ही ठरवा. तिथेच विंगफील्ड कॅसल नावाची चाकाची आगबोट पण आहे, १९३४ ची, हार्टलपूललाच बांधलेली, पूर्वी हंबर नदीवर फेरी करायची. सगळे त्रिंकोमालीकडे तोंड करून उभे असतात आणि तिच्याकडे कोणी बघत नाही.

५. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे. यायचं की नाही?

या की. नाइट मोड चालू करा, फोन कठड्यावर किंवा दोर बांधायच्या त्या लोखंडी खुंट्यावर टेकवा, तीन सेकंदांचा टायमर लावा म्हणजे बोट लागून हलणार नाही. स्क्रीनवर दिव्यावर बोट दाबून एक्स्पोजर (फोटोत किती उजेड घ्यायचा ते) लॉक करा आणि थोडं खाली ओढा. शून्य पॉइंट पाचवाली वाइड लेन्स वापरू नका, कमी उजेडात तिचा सेन्सर रडतो. आणि झूमसुद्धा नको, दोन पावलं पुढे जा.

६. सेटिंग सांगा ना सरळ, किती फिरवून बोलता!

सांगते. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सर उजेडाला किती संवेदनशील ते) १०० किंवा २००, एफ ८ (लेन्सचं तोंड किती उघडं ते), रॉ फॉरमॅट (कॅमेऱ्याची कच्ची फाइल), दोन सेकंदांचा टायमर. सूर्यास्ताला शटर साधारण १/३० च्या आसपास येईल, वीस मिनिटांनी एक-दोन सेकंद, चाळीस मिनिटांनी दहा-पंधरा. हे आकडे पाठ करू नका, आकाशात ढग असतील तर सगळं बदलतं. दर तीन-चार मिनिटांनी एक फोटो काढून हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघायचा आणि दिव्यांच्या जागा जळत नाहीत ना एवढंच पाहायचं.

फोकस अंधार पडायच्या आधी एखाद्या जाड दोरावर किंवा तोफेच्या खिडकीच्या कडेवर लावून घ्या आणि मग मॅन्युअलवर टाका, नाहीतर नेमक्या वेळी लेन्स पुढे-मागे घुरघुरत बसते. दिव्यांच्या चांदण्या हव्या असतील तर एफ ११ ते १६. लेन्सवर यूव्ही फिल्टर असेल तर काढून ठेवा, दिवे फ्रेममध्ये असले की त्याच्यामुळे आकाशात हिरवे ठिपके उमटतात आणि मग तुम्ही मला "हे काय आहे" म्हणून पाठवता.

७. ट्रायपॉड होता तरी डोलकाठ्या डबल का दिसतायत?

तीन कारणं, ह्याच क्रमाने तपासा.

पहिलं, स्टॅबिलायझर चालू राहिला. ट्रायपॉडवर काही कॅमेरे आणि लेन्स नसलेला हादरा शोधत बसतात आणि स्वतःच हलतात. माझ्या एका अख्ख्या संध्याकाळचे चाळीसेक फोटो ह्याच्यात गेले, घरी येऊन लॅपटॉपवर मोठे करून बघितले तर प्रत्येक दोराला जुळा भाऊ. त्या दिवशीचं आकाश अजून डोळ्यांसमोर आहे, फोटो एक नाही.

दुसरं, वारा. ट्रायपॉडची मधली दांडी वर काढू नका, बॅग त्याला लटकवा, पण ती वाऱ्यात झुलणार नाही अशी, जमिनीला थोडी टेकलेली.

तिसरं आणि खरं, अहो जहाज तरंगतंय! गोदीतलं पाणी शांत असतं तरी एवढं मोठं धूड वाऱ्याने किंचित डुलतं आणि तळाशी बोटभर हललं की डोलकाठीच्या टोकाला वीतभर होतं. उपाय म्हणजे आयएसओ वाढवून ४०० किंवा ८०० करायचा आणि शटर एका सेकंदाच्या आत आणायचं. थोडा दाणा आलेला फोटो चालतो, डबल डोलकाठी नाही चालत. पाण्याला रेशमासारखं करायला तीस सेकंद ठेवणाऱ्यांना माझा साष्टांग नमस्कार, पण ते पूल आणि दीपगृहावर करा, तरंगत्या जहाजावर नको.

८. जहाज काळं ठिक्कर येतं, नुसती सावली. तुमच्या फोटोत फळ्या दिसतात त्या कशा?

ह्या प्रश्नावर मी जरा हट्टी आहे. मागे केशरी आकाश आणि पुढे काळी आकृती हा फोटो कोणत्याही जहाजाचा काढता येतो, प्लास्टिकचं खेळणं ठेवलं तरी तसाच दिसेल. ज्या लाकडासाठी मी तिथे जाते तेच त्यात दिसत नसेल तर मला त्याचा उपयोग नाही. म्हणून मी सूर्याच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभं राहायला सांगते, म्हणजे पश्चिमेचा उरलेला उजेड जहाजाच्या अंगावर पडतो आणि मागे पूर्वेचं आकाश निळं-जांभळं असतं. फोटो कमी भडक, पण फळीवर फळी मोजता येते.

आता एक्स्पोजरची मेख. त्रिंकोमालीचं अंग काळं आणि मधून पांढरा पट्टा, पट्ट्यात तोफांच्या काळ्या खिडक्या. काळं अंग फ्रेमभर असेल तर कॅमेऱ्याला वाटतं अंधार आहे, तो उजेड वाढवतो आणि पांढरा पट्टा जळून जातो, त्यामुळे एक्स्पोजर उणे ०.७ ते उणे १ करा. उलट आकाश जास्त असेल तर कॅमेरा जहाज बुडवतो, तेव्हा अधिक करा. पट्ट्यातला पांढरा रंग टिकला की बाकी सगळं रॉमधून उचलता येतं.

९. एचडीआर करू का मग?

मी नाही करत. एचडीआर म्हणजे कमी-जास्त उजेडाचे तीन फोटो जोडून एक करायचा, आणि ते तीन फोटो घेईपर्यंत दोर हललेले असतात (प्रश्न ७) आणि जोडताना प्रत्येक दोराभोवती पांढरं प्रभामंडळ येतं, जहाज देवासारखं दिसायला लागतं. एकच रॉ घ्या. उजेड फारच विषम असेल तर वाट बघा, वीस मिनिटांत तो आपोआप सम होतो, तोच तर ह्या वेळेचा फायदा.

१०. दिवे एकदम पिवळेजर्द आणि आकाश विचित्र जांभळं येतंय.

ऑटो व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) दर फोटोला वेगळं ठरवतो, म्हणून. ४००० केल्विनच्या आसपास हाताने लावा, आकाश निळं राहील आणि दिवे कोमट पिवळे. दिवे अगदी पांढरे करायच्या मागे लागू नका, कंदिलाच्या उजेडाला पिवळाच रंग हवा.

११. डोलकाठ्या एकमेकींकडे झुकलेल्या दिसतात. लेन्स खराब आहे का?

लेन्स ठीक आहे, तुम्ही जवळ उभं राहून मान वर केलीत. कॅमेरा वर वळवला की उभ्या रेषा आत झुकतात. मागे जा, कॅमेरा जमिनीला समांतर ठेवा, खाली जास्तीची फरशी आली तर नंतर कापा. एक सावधगिरी मात्र, जुन्या जहाजांच्या डोलकाठ्या मुळातच थोड्या मागे कललेल्या असतात, त्या सॉफ्टवेअरमध्ये काटकोनात आणायचा प्रयत्न केलात तर मागची दुकानं वाकडी होतील. सरळ काय असायला हवं ते धक्क्यावरच्या दिव्याच्या खांबावरून ठरवा.

१२. पोर्ट्समथला व्हिक्टरी आहे ना, मग एवढ्या लांब हार्टलपूलला कशाला?

व्हिक्टरी १९२२ पासून कोरड्या गोदीत आहे आणि सध्या तिची मोठी दुरुस्ती चालू आहे, २०२२ पासून, दहा वर्षांच्या वर चालणारी. सगळीकडे मचाण. आत जाऊन बघा जरूर, लाकूड कसं कुजतं आणि कसं बदलतात हे बघायला मिळतं, पण तिन्हीसांजेच्या फोटोसाठी नाही.

पोर्ट्समथला मी सांगेन वॉरियर. १८६० चं लोखंडी जहाज, काळं, लांबलचक, पाण्यावर, आणि रेल्वे स्टेशनमधून बाहेर पडलात की समोरच. "द हार्ड" नावाच्या रस्त्यावरून फुकट दिसतं आणि तिथून बंदराचं पाणी पश्चिमेला असल्याने सूर्य पलीकडच्या काठावर गॉस्पोर्ट गावाकडे बुडतो. गॉस्पोर्टच्या फेरीतून पण बघा, पण फेरी हलते त्यामुळे शटर १/२५० च्या खाली नको. इथे भरती-ओहोटीचं बघूनच जायचं, ओहोटीला कडेला नुसता चिखल असतो. हार्टलपूलला तो त्रास नाही, मरिनाला लॉकची दारं आहेत म्हणून आतलं पाणी फारसं चढत-उतरत नाही.

आणि हे पण सांगते, वॉरियरची डागडुजी झाली ती हार्टलपूललाच. १९८७ मध्ये ते जहाज पोर्ट्समथला गेलं आणि त्याच वर्षी त्रिंकोमाली हार्टलपूलला आलं, ज्यांनी वॉरियर दुरुस्त केलं त्या गावाने मग आपलं मुंबईचं जहाज हातात घेतलं आणि २००१ पर्यंत ते काम चाललं.

१३. धुकं असेल तर परत फिरावं का?

अजिबात नाही! वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला पूर्वेचा वारा सुटला की समुद्रावरून धुकं आत येतं, इथले लोक त्याला "फ्रेट" म्हणतात. मागची दुकानं, गाड्या, सुपरमार्केट सगळं पुसलं जातं आणि फक्त जहाज उरतं. फक्त परतताना लेन्सवर बाष्प धरतं, गार झालेला कॅमेरा गाडीत हीटरच्या गरम हवेत एकदम उघडा ठेवू नका, बॅगेतच हळूहळू गरम होऊ द्या. पावसाने फरशी ओली असेल तर ट्रायपॉड खाली करा, दिव्यांचं प्रतिबिंब दगडावर मिळतं, पाण्याची गरजच नाही. पाय जपा, ओला दगड निसरडा असतो आणि कडेला प्रत्येक ठिकाणी कठडा नसतो.

१४. डोलकाठ्यांमागे पूर्ण चंद्र असा फोटो खरा असतो की जोडलेला?

खरा काढता येतो. पौर्णिमेच्या आसपास चंद्र सूर्यास्ताच्या सुमारास पूर्वेला उगवतो आणि हार्टलपूल पूर्व किनाऱ्यावर आहे, म्हणजे समुद्राकडून. युक्ती एवढीच की पौर्णिमेच्या दिवशी न जाता बहुतेक वेळा आदल्या दिवशी जायचं. तेव्हा चंद्र सूर्यास्ताआधी वर आलेला असतो, आकाशात अजून उजेड असतो आणि चंद्र आणि जहाज एकाच एक्स्पोजरमध्ये मावतात. पौर्णिमेला उशीर झाला की चंद्र नुसता पांढरा ठिपका. शटर अर्ध्या सेकंदाच्या आत ठेवा, लांब लेन्समध्ये चंद्र सरकलेला दिसतो.

१५. ड्रोन उडवू का?

म्युझियमच्या जागेवरून त्यांच्या परवानगीशिवाय नाही. बाकी यूकेतली नोंदणी आणि आयडीचे नियम सीएएच्या (तिथलं नागरी विमान वाहतूक प्राधिकरण) साइटवर बघा, ते बदलत राहतात. मला विचाराल तर वरून जहाज म्हणजे दोरांचा गुंता दिसतो, फार काही हाती लागत नाही.

१६. लग्नाआधीचं फोटोशूट करायचंय, नऊवारीत, जहाजासमोर. चालेल?

कल्पना छान आहे. पण आत ती म्युझियमची खासगी जागा, व्यावसायिक शूटला आधी विचारून लेखी परवानगी घ्या, ट्रायपॉड आणि लाइट स्टँडचंही विचारा. रस्त्यावरून किंवा मरिनाच्या सार्वजनिक भागातून साधे फोटो काढायला कोणी अडवत नाही. आणि नवरीला शाल द्या हो, थंडीत ओठ निळे पडलेले एडिटिंगमध्ये लपत नाहीत.

१७. हे सगळं मुंबईत करता येईल का? जहाज तर तिथलंच.

ह्याचं उत्तर लिहिताना मला दरवेळी जरा वाईट वाटतं. जिथे हे जहाज बांधलं ती गोदी आज नेव्हल डॉकयार्ड आहे, आत जाता येत नाही आणि बाहेरूनही तिचे फोटो काढू नका, ड्रोन तर विचारात पण आणू नका.

करता येण्यासारखं असं: गेटवेचं तोंड पूर्वेला आहे, म्हणजे संध्याकाळी सूर्य तुमच्या पाठीमागे शहरात बुडतो. त्यामुळे गेटवेवर उभं राहून समुद्राकडे बघितलं तर नांगरलेल्या बोटींवर पश्चिमेचा उजेड पडतो, प्रश्न ८ मध्ये म्हटलं तसाच. आणि उलटं हवं असेल तर मांडव्याहून संध्याकाळी परतणाऱ्या बोटीत बसा, समोर ताज आणि गेटवे आणि त्यांच्यामागे केशरी आकाश. बोट हलते, शटर वेगवान ठेवा. पावसाळ्यात त्या बोटी बंद असतात. आणि लक्षात ठेवा, तिथे हातात वीसच मिनिटं (प्रश्न २).

१८. तो पागोटंवाल्याचा फोटो कसा काढलात?

सगळ्यात जास्त विचारलेला, म्हणून शेवटी ठेवला. जहाजाच्या नाळेवर, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला, लाकडी पुतळा आहे, डोक्याला पागोटं बांधलेला माणूस. बहुतेक जण बाजूने अख्खं जहाज घेतात आणि त्याच्याकडे लक्ष जात नाही.

मी नाळेच्या बरोब्बर समोर नाही, जरा डावीकडे उभी होते, ८५ ची लेन्स, एफ ४, आयएसओ ८००, शटर १/६०, ट्रायपॉड नाहीच, दिव्याच्या खांबाला पाठ टेकवून. सूर्य बुडून दहाएक मिनिटं झाली होती. एका बाजूने आकाशाचा निळा उजेड त्याच्या गालावर आणि दुसऱ्या बाजूने धक्क्यावरच्या दिव्याचा पिवळा पागोट्याच्या घड्यांवर. घड्यांमध्ये दव साचलं होतं, त्यातला एक थेंब हनुवटीशी आला आणि लटकून राहिला, मी श्वास धरून सात-आठ फोटो काढले, पाचवा बरा आला. तोवर म्युझियमचा माणूस किल्ल्या वाजवत मागे येऊन उभा होता. त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या स्क्रीनवर दाखवला, तर म्हणाला रोज संध्याकाळी ह्याच्याखालून जातो, थेंब कधी बघितला नव्हता. मग "चला आता" म्हणून फाटकापर्यंत सोडायला आला.